गाडी एक, किमती चार

नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारीपाजारी पेढे मागतात. जुनी गाडी उभी राहिली की एकच प्रश्न विचारतात, ‘केवढ्याला पडली?’ गेल्या वर्षी आमच्या दारात एक जुनी गाडी आली, तेव्हा शेजारच्या निवृत्त मास्तरांनी कुंपणावरून हाच प्रश्न टाकला. मी तोंड उघडले आणि थांबलो. कारण या साध्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा येत नव्हते. आज येते, पण ते एका वाक्यात सांगता येत नाही.

गाडी माझ्या पुतण्याची. नोकरीनिमित्त तो परराज्यात होता आणि तिथेच त्याने ती नवी घेतली होती. किंमत आठ लाख रुपये, पेट्रोलवर चालणारी, घरगुती वापराची. चार वर्षे उलटली आणि त्याला परदेशी जाण्याचा योग आला. ‘काका, बाहेर विकण्यापेक्षा तुम्हीच ठेवा,’ तो म्हणाला. नात्यात फुकटचा व्यवहार नको म्हणून बाजारात चौकशी केली आणि सव्वाचार लाख रुपये ठरवले. दोघेही खूश. आमचा व्यवहार तिथे संपला. सरकारचा तिथून सुरू झाला.

आपल्याकडे वाहनांची नोंदणी केंद्राच्या कायद्याने होते, पण वाहनावरचा कर हा राज्यघटनेने राज्यांच्या यादीत टाकलेला विषय आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात झालेली नोंदणी देशभर चालते. मात्र गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल तर तिथे नवा क्रमांक घ्यावा लागतो. नवा क्रमांक म्हणजे नवा कर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाडीवर एकरकमी कर ११ टक्के आहे आणि डिझेलवर १३ टक्के. परराज्यातून जुनी गाडी आली, तर तिच्या वयाप्रमाणे यात कोष्टकानुसार सूट मिळते. इथवर कुणाची तक्रार नसावी. रस्ते आपण वापरतो, कर द्यायला हवा.

मी सव्वाचार लाखांची पावती, बँकेचा उतारा आणि पुतण्याची सही असलेले कागद घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो. आतल्या गृहस्थांनी पावती अदबीने परत सरकवली. ‘साहेब, तुम्ही पुतण्याला किती दिले ते आम्हाला नको. कंपनीचं मूळ बिल आणा.’ म्हणजे हिशेब सुरू होणार तो आठ लाखांपासून. गाडीचा क्लच गेला आहे, मागच्या दाराला पोचा आहे, चारही टायर बदलायला झाले आहेत, या गोष्टींसाठी त्या कोष्टकात रकानाच नाही. त्याला फक्त वय कळते.

त्या गृहस्थांची चूक नव्हती, हे घरी आल्यावर कळले. रागाच्या भरात मी गाडीची सगळी कागदपत्रे टेबलावर मांडली. मग लक्षात आले की एकाच गाडीला एकाच दिवशी चार किमती आहेत.

पहिली किंमत बाजाराची, सव्वाचार लाख. दुसरी परिवहन कार्यालयाची, आठ लाख, त्यातून पुढे वयाची सूट. तिसरी विमा कंपनीची. चोरी झाली किंवा गाडी पूर्ण मोडली तर जी रक्कम मिळते, ती कंपनीच्या यादीतल्या किमतीतून ठरावीक टक्के वजा करून काढतात. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दरवर्षी २०, ३०, ४० आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. यादीतली किंमत आज आहे तशीच आहे असे धरले, तर आमची गाडी विम्याच्या दृष्टीने चार लाखांची. कर घेताना मोजणी आठ लाखांपासून आणि भरपाई देताना चार लाखांवर! सौ. म्हणाली, ‘घेताना शेराचं माप आणि देताना पावशेराचं.’

चौथी किंमत हिशेबाच्या वहीतली. आमच्यासारख्या नोकरदाराला ती लागू नाही, पण धंदेवाल्यांना आहे. समजा, हीच गाडी जीएसटी नोंदणी असलेल्या एखाद्या दुकानदाराने धंद्यासाठी घेतली असती. आयकरात तो दरसाल १५ टक्के घसारा दाखवतो. पाच आर्थिक वर्षांनंतर वहीत ती सुमारे ३,५५,००० रुपयांची उरते. आता ती सव्वाचार लाखांना विकली, की कायद्याच्या नजरेत त्याला ७०,००० रुपयांचा फरक सुटला. त्यावर १८ टक्के दराने १२,६०० रुपये जीएसटी. प्रत्यक्षात बिचाऱ्याच्या खिशाला पावणेचार लाखांची खोट आलेली असते! अर्थात, घसाऱ्यामुळे त्याने आधी आयकर वाचवलेला असतो, हेही विसरून चालणार नाही.

हा १८ टक्क्यांचा मामला अनेकांना आठवत असेल. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली. जुन्या गाड्यांवर आधी मोठ्या गाडीला १८ आणि लहान गाडीला १२ असे दोन दर होते. ते एक करून विजेवरच्या गाड्यांसह सगळ्यांना १८ टक्के दर ठरला. दुसऱ्या दिवसापासून घराघरांत घबराट. ‘तोट्यात गाडी विकली तरी तोट्यावर कर भरायचा,’ असा हिशेब फोनाफोनी फिरू लागला. तो चुकीचा होता. कर पूर्ण किमतीवर नसून नोंदणीकृत विक्रेत्याला सुटणाऱ्या फरकावर आहे. फरक उणे असेल तर कर नाही. तुम्ही आपली घरची गाडी शेजाऱ्याला विकली, तर त्या व्यवहाराला जीएसटी लागतच नाही. पण लोकांनी त्या अफवेवर चटकन विश्वास का ठेवला, याचा विचार करण्यासारखा आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत काहीही होऊ शकते, असा अनुभवच गाठीशी असतो.

सरकारच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. खरेदीची खरी किंमत कागदावर लिहायची आपल्याला सवय नाही. पाच लाखांचा व्यवहार करून पावती दोनाची फाडणारे महाभाग आपल्यातच आहेत. म्हणून घर घेताना जसा रेडी रेकनर आला, तसे गाडीला कोष्टक आले. पण घराच्या मुद्रांकाबाबत शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मूल्य ठरवून मागता येते. बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा हातात असलेल्या जुन्या गाडीच्या ग्राहकालाही तशी सोय का असू नये?

दुसरे दुखणे याहून मोठे आहे. पुतण्याने परराज्यात पंधरा वर्षांचा कर एकरकमी भरला होता. त्यातली उरलेल्या वर्षांची रक्कम परत मिळते, पण आधी इथे कर भरायचा, नवा क्रमांक घ्यायचा आणि मग त्याचा पुरावा जोडून तिकडे अर्ज करायचा. म्हणजे काही काळ एकाच गाडीचा, एकाच वर्षांचा कर दोन राज्यांच्या तिजोरीत. मालाच्या बाबतीत एका राज्यात भरलेल्या कराची वजावट दुसऱ्या राज्यात मिळावी, यासाठी १ जुलै २०१७ पासून जीएसटीची अवघी यंत्रणा उभी राहिली. गाडीच्या उरलेल्या कराची वजावट मात्र अजून ग्राहकाने स्वतः हेलपाटे घालून मिळवायची. बदलीच्या नोकरदारांसाठी २०२१ मध्ये ‘बीएच’ क्रमांकाची मालिका निघाली, तीत कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. पण ती सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांचे नोकर यांच्यापुरतीच.

या सगळ्या वैतागातून माणूस काय करतो? काहीच करत नाही. मलाही एका एजंटाने सल्ला दिला, ‘चालू द्या की पुतण्याच्याच नावावर. कोण बघतंय?’ खरे सांगतो, एक रात्र मी त्या मोहात काढली.

दुसऱ्या दिवशी एका वकील मित्राने २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची हकीकत सांगितली. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे अनेक हातांतून गेली, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात होऊन एकाचा जीव गेला. न्यायालयाने सांगितले, नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. मी गाडी चालवणार इथे आणि उद्या काही घडले तर नोटीस जाणार परदेशात बसलेल्या पोराला. मोह तिथेच संपला.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांना अनुभवाचे चार शब्द. गाडी परराज्यातली असेल तर कराचा आकडा आधी विचारा आणि तो धरूनच भाव ठरवा. मूळ बिल आणि तिकडचा ना हरकत दाखला हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद तपासा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. त्यावरची ‘दावा न केल्याची’ सवलत गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाचीच राहते.

आमचा कर भरून झाला, नवा क्रमांक आला. सौ.ने पाटीला कुंकू लावून नारळ फोडला. तिकडच्या परताव्याचा अर्ज गेला आहे. उत्तर यायचे आहे.

परवा मास्तरांनी पुन्हा विचारले, ‘अहो, शेवटी केवढ्याला पडली?’

मी म्हटले, ‘मास्तर, परतावा आला की सांगतो.’