माकडांचे निर्बीजीकरण (हिमाचल प्रदेश)

माकडांचे निर्बीजीकरण हा हिमाचल प्रदेशाच्या वन विभागाचा, ऱ्हीसस माकडांची (शास्त्रीय नाव: मकाका मुलाटा) संख्या नियंत्रित करण्यासाठीचा कार्यक्रम आहे. २००७ च्या सुमारास शिमला येथील टुटीकंडी केंद्रापासून त्याचा प्रारंभ झाला. माकडांना न मारता शस्त्रक्रियेद्वारे त्यांचे प्रजनन थांबवणे, हे या कार्यक्रमाचे सूत्र आहे.

पार्श्वभूमी

वैद्यकीय संशोधनासाठी भारतातून होणारी ऱ्हीसस माकडांची निर्यात १९७८ मध्ये बंद करण्यात आली. पुढे देवस्थानांच्या परिसरात भाविकांकडून मिळणारे खाद्य आणि शहरांतील उघडा कचरा यांमुळे माकडे मनुष्यवस्तीजवळ स्थिरावली. मका, फळे व भाजीपाला यांच्या नासधुशीमुळे अनेक शेतकऱ्यांनी जमिनी पडीक ठेवल्या. २०१६ मध्ये केंद्र सरकारने शिमला शहरात माकडांना ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी प्राणी घोषित करून त्यांना मारण्याची मुभा दिली. परंतु माकडांविषयीच्या धार्मिक श्रद्धेमुळे तिचा वापर अत्यल्प झाला.

शस्त्रक्रिया

पिंजरे लावून पकडलेल्या माकडांना केंद्रात भूल दिली जाते. नराच्या शुक्रवाहिन्या व मादीच्या बीजवाहिन्या उष्णतेच्या साहाय्याने बंद केल्या जातात. मादीच्या पोटावर लहान छेद घेऊन दुर्बिणीतून ही क्रिया केली जाते. वृषण व बीजांडकोश काढले जात नसल्याने संप्रेरके पूर्ववत स्रवतात आणि टोळीतील श्रेणीव्यवस्था टिकून राहते. त्यानंतर माकडांना मूळ ठिकाणी सोडणे अपेक्षित असते.

परिणाम

२०२० पर्यंत दीड लाखांहून अधिक माकडांचे निर्बीजीकरण झाले. वन विभागाच्या गणनेनुसार राज्यातील माकडांची संख्या २०१५ मध्ये सुमारे २ लाख ७ हजार होती. २०१९-२० च्या गणनेत ती सुमारे १ लाख ३६ हजार आढळली.

मर्यादा

एक नर अनेक माद्यांशी समागम करत असल्याने काही नर प्रजननक्षम राहिले तरी जन्मदर टिकून राहू शकतो. त्यामुळे माद्यांवरील शस्त्रक्रिया अधिक परिणामकारक ठरतात. निर्बीजीकरण झालेले माकड पुढे अनेक वर्षे जगते व पिकांवर येतच राहते. म्हणून जन्म घटले तरी शेतकऱ्याचे नुकसान त्वरित घटत नाही. शस्त्रक्रियेला खाद्यनियंत्रणाची जोड आवश्यक असते. हाँगकाँगमध्ये माकडांना खाऊ घालण्यावर १९९९ मध्ये बंदी घालण्यात आली आणि २००७ पासून संततिनियमनाचा कार्यक्रम राबवण्यात आला.