भुईगावच्या वाळूत कासव लागते तेव्हा

कोकणातले कासव म्हटले की वेळास, आंजर्ले, गुहागर आठवतात. मार्चमधली पहाट, घरट्यातून बाहेर पडलेली पिल्ले आणि दोरीपलीकडे उभे पर्यटक. वसईपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी. वसईजवळच्या भुईगावात सुरूच्या बनापलीकडे पावसाळ्याच्या उधाणात कासव आले, तर ते अंडी घालायला आलेले नसते. बहुधा जखमी, अर्धमेले, जाळ्याच्या तुकड्यात पाय अडकलेले असते. मग चार जण पुढे होतात आणि त्याला पुन्हा पाण्यात ढकलतात. हेतू पुण्याचा असतो, पण तो कासवाच्या जिवावर बेततो.

का ते पाहण्याआधी कासव ओळखू या. पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना चार-चार ढाली आणि दोन डोळ्यांच्या मध्ये मोठ्या खवल्यांची एकच जोडी दिसली, तर ते हिरवे कासव. ऑलिव्ह रिडलेच्या कपाळावर अशा दोन जोड्या असतात आणि बाजूच्या ढाली पाच किंवा जास्त. हिरव्या कासवाच्या जबड्याची कड करवतीसारखी दातेरी, कारण मोठेपणी ते समुद्रगवत आणि शेवाळावर जगते. पाठ तपकिरीही असू शकते. नाव पडले ते आतल्या हिरवट चरबीमुळे. महाराष्ट्रात घरटी करणारे कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले, हे इतके ठरलेले की २०२३ मध्ये मालवणजवळच्या देवबागला जपलेली अंडीही त्याचीच समजली गेली. पिल्ले बाहेर आली, तेव्हा ती हिरव्या कासवाची निघाली.

या प्राण्याचे आयुष्य संथ. वयात यायलाच वीस-पंचवीस वर्षे, कधी त्याहून जास्त. पिल्लू नर की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. साधारण २९ अंशांच्या वर माद्या जास्त. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या अल्पवयीन कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवले. आयुष्य इतके संथ, म्हणून वाळूत पडलेले ताटाएवढे कासवही किरकोळ नसते. एवढे होईपर्यंत त्याची कित्येक भावंडे खेकड्या-माशांच्या पोटात गेलेली असतात.

भारतात या कासवांमागे आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे सतीश भास्कर. १९८२ च्या पावसाळ्यात ते लक्षद्वीपच्या निर्मनुष्य सुहेली बेटावर हिरव्या कासवांच्या नोंदी घेत एकटे राहिले. बाटलीत घालून समुद्रात सोडलेले त्यांचे पत्र श्रीलंकेच्या किनाऱ्याला लागले आणि तिथल्या मच्छीमाराने ते पुढे पाठवले. पुढे त्याच लक्षद्वीपात रोहन आर्थर, नचिकेत केळकर, मयुरेश गांगल आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली. अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये हिरवी कासवे इतकी जमली की समुद्रगवताची कुरणे चरून संपली, गवतातली मासळी घटली आणि मच्छीमार कासवांवर चिडले. कळप मग पुढच्या बेटाकडे वळले. संवर्धन म्हणजे नुसती संख्या वाढवणे नव्हे, हा त्या कामाचा धडा.

जगभर संख्या वाढलीही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएनने हिरव्या कासवाला ‘संकटग्रस्त’ यादीतून काढून सर्वांत कमी चिंतेच्या गटात ठेवले; १९७० च्या दशकापासून वाढ सुमारे २८ टक्के. ती आपोआप झालेली नाही. अंडी राखणाऱ्या, शिकार थांबवणाऱ्या, जाळी कापणाऱ्या हातांनी ती केली. आपल्याकडे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर राज्य सरकार मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. ही योजना २०१८ पासून आहे.

आता ढकलण्याकडे येऊ. कासव फुप्फुसाने श्वास घेते. फुप्फुसाला जंतुसंसर्ग झाला किंवा प्लास्टिकने आतडे तुंबून वायू साठला, की ते बुडी मारू शकत नाही. एका अंगावर कलून तरंगत राहते, खायला तळाशी जाता येत नाही, पाठीवर शेवाळ आणि बार्नॅकल चढतात. असे कासव समुद्रात ढकलले, तर पुढच्या भरतीला परत येते किंवा मरते. त्याला हवे असतात उपचार. डहाणूला वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन यांचे कासव उपचार केंद्र आहे. पशुवैद्य डॉ. दिनेश विन्हेरकर यांनी तिथे अशी कित्येक कासवे हाताळली आहेत.

जाळ्यात गुदमरलेले कासव निपचित पडले, तरी ते मेले असे लगेच धरू नका. पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करा, म्हणजे फुप्फुसातले पाणी ओघळेल. नाकपुड्या मोकळ्या ठेवून अंगावर ओले फडके टाका, सावलीत ठेवा. शुद्धीवर यायला कित्येक तास लागू शकतात.

भुईगावात कासव लागले, तर गर्दी हटवा, कुत्री दूर ठेवा, त्याला उलटे करू नका, पाण्यात ढकलू नका. वनविभागाचा क्रमांक १९२६ आहे. तो फिरवा आणि माणसे येईपर्यंत तिथेच थांबा.