बेघरांचे पिअर वर्कर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वतः बेघरपण भोगून त्यातून सावरलेली व्यक्ती आज त्याच अवस्थेत असलेल्यांना मदत करते, तेव्हा तिला पिअर सपोर्ट वर्कर म्हणतात. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा या देशांतील बेघरांच्या सेवांमध्ये हे काम रुजले आहे. गैरसमज मात्र टिकून आहेत.

गैरसमज : हे काम म्हणजे नुसता धीर देणे.
वस्तुस्थिती : लंडनमधील ‘ग्राउंडस्वेल’ संस्थेचे पिअर कार्यकर्ते २०१० पासून बेघर रुग्णांसोबत दवाखान्यात जातात. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा किंवा ओळखीचा पुरावा सक्तीचा नाही. तरीही काउंटरवर तो मागितला जातो आणि फुटपाथवर झोपणारा माणूस मुकाट्याने परत फिरतो. सोबतचा कार्यकर्ता नियम दाखवतो, नोंदणी होईपर्यंत थांबतो. असा नकार त्यानेही पचवलेला असतो, म्हणून माणूस कुठे कच खाईल हे त्याला आधीच कळते.

गैरसमज : हाल सोसले, एवढी पात्रता पुरे.
वस्तुस्थिती : अनुभव हे भांडवल आहे, ते वापरायला शिकावे लागते. गोपनीयता कशी पाळायची, स्वतःची कहाणी किती सांगायची, मदत आणि मैत्री यांतली सीमा कुठे आखायची, याचे प्रशिक्षण लागते. दुसऱ्याचे दुःख ऐकताना स्वतःच्या जखमा उघड्या पडू शकतात. त्यामुळे कार्यकर्त्यालाही अनुभवी मार्गदर्शकाचा नियमित आधार हवा.

गैरसमज : हा डॉक्टर-समाजसेवकांना स्वस्तातला पर्याय आहे.
वस्तुस्थिती : न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी ‘पाथवेज टू हाउसिंग’ सुरू केले. व्यसन सुटण्याची किंवा उपचार घेण्याची अट न घालता आधी घर, हे त्याचे सूत्र. त्याच्या पथकांत मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका आणि समाजसेवक यांच्या जोडीला पिअर कार्यकर्ते असत. प्रत्येकाचे काम वेगळे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मानसिक आरोग्यसेवेतील पिअर सेवेचा खर्च १९९९ पासून मेडिकेड या सरकारी योजनेतून मिळू लागला. कौशल्याच्या कामाला मोबदला मिळालाच पाहिजे.

गैरसमज : अशा माणसांची मदत दुय्यम दर्जाची असते.
वस्तुस्थिती : मानसिक आरोग्यसेवांबाबतच्या २०१३ च्या कॉक्रेन या संस्थेच्या संशोधन-आढाव्यात ११ चाचण्या आणि २,७९६ व्यक्तींची माहिती तपासली गेली. स्वतः आजार अनुभवलेल्या कार्यकर्त्यांच्या सेवेचे परिणाम व्यावसायिकांच्या तुलनेत सरसही नव्हते आणि कमीही नव्हते. पुराव्याचा दर्जा मध्यम ते कमी होता, हेही त्यात नमूद आहे.

गैरसमज : पिअर कार्यकर्ते नेमले की प्रश्न सुटला.
वस्तुस्थिती : ते माणसाला सेवेपर्यंत पोहोचवतात, तिथे टिकायला बळ देतात. परवडणारी घरे आणि उपचार उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासनाचीच राहते.