व्हेंट पाइपाला जाळीची टोपी

मे महिन्यात वाड्यावाड्यावर खुरसाकडे लादीन होते. खुरसाला फुलांच्या माळा घातलेल्या असतात, मेणबत्त्या पेटलेल्या असतात, शेजारीपाजारी जमलेले असतात. आणि लादीन अर्ध्यावर येते न येते तोच मंडळींचे हात पिंडऱ्यांकडे वळू लागतात. लहान मुले रडू लागतात. शेवटचे गीत कसेबसे उरकते, उकडलेले चणे वाटले जातात आणि "यंदा डास फार झाले" असे म्हणत जो तो घराकडे वळतो.

हे डास येतात कोठून? शेतातून, गवतातून, शेजाऱ्याच्या गोठ्यातून, असे आपण सांगतो. आपल्याच घरामागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या चार इंची पाइपाकडे मात्र कोणी मान वर करून पाहात नाही. आज ह्या पाइपाविषयी, म्हणजे सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपाविषयी, चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

जुन्या पिढीतील वाचकांना डुकरांचा संडास चांगला आठवत असेल. तो गेला हे बरेच झाले. त्यापासून जंतांचे विकार होत, आणि पाहुण्यांसमोर लाज वाटे ती वेगळीच. पण त्या संडासाखाली पाण्याने भरलेली टाकी नसे. आज पेडणे व डिचोली तालुक्यांतील आपल्या बहुतेक गावांत घरोघरी पाण्याचा संडास, मागे सेप्टिक टँक आणि त्याच्यापुढे शोषखड्डा अशी व्यवस्था आहे. आरोग्यदृष्ट्या हे पाऊल पुढचेच आहे. मळ उघड्यावर न टाकता मातीखाली झाकावा, ही शिकवण तर बायबलमध्ये अनुवाद ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायातही आहे. परंतु टँकमधले पाणी उबदार, काळोखी, स्थिर आणि घाणीने भरलेले असते. एका जातीच्या डासाला अंडी घालण्यास ह्याहून चांगली जागा मिळणार नाही.

त्या जातीचे नाव क्युलेक्स. हा डास रात्री चावतो. कानाशी गुणगुणून झोपमोड करणारा बहुधा हाच. ह्याची मादी शंभर-दोनशे अंडी एकमेकांना चिकटवून पाण्यावर तराफ्यासारखी तरंगत ठेवते, आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडता डास तयार होतो. हत्तीरोगाचे जंतू ह्याच डासातून पसरतात. डासाच्या अंगात हत्तीरोगाचे जंतू वाढतात हे पॅट्रिक मॅन्सन ह्या डॉक्टरांनी १८७७ साली चीनमधील अमॉय येथे दाखवून दिले. मलेरियाच्या जंतूंचा असाच शोध रोनाल्ड रॉस ह्यांनी आपल्या सिकंदराबादेस लावला तो त्यानंतर वीस वर्षांनी, १८९७ साली.

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. पाइपाला जाळी बसविली म्हणजे मलेरिया गेला असे कोणी समजू नये. मलेरियाचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. १९८६ पासून पणजीत मलेरियाने जो मुक्काम ठोकला, तो विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि इमारतींच्या बांधकामावर साठविलेले पाणी ह्यांच्या जोरावर. डेंग्यूचा डास बादली, करवंटी, टायर, फुलदाणी असे घरालगतचे साठे शोधतो आणि दिवसा चावतो. १९८२ साली गोव्यात जपानी मेंदूज्वराची साथ आली होती. तो रोग पसरविणारे डास भाताच्या खाचरांत वाढतात आणि रोगाचे विषाणू डुकरांच्या अंगात वाढतात. तेव्हा प्रत्येक डासाचे घर वेगळे आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा. सेप्टिक टँक हे मुख्यतः क्युलेक्सचे घर, आणि व्हेंट पाइप हा त्या घराचा दरवाजा. आत अंडी घालायला जाणारी मादी तेथूनच जाते आणि तयार झालेले नवे डास तेथूनच बाहेर पडतात.

मग दरवाजा बंदच का करू नये? मीही एकदा हाच शहाणपणा केला होता. पाइपातून संध्याकाळी डास निघताना दिसले, म्हणून तोंडावर करवंटी उपडी ठेवून वरून सिमेंट लिंपले. महिनाभरात न्हाणीघरात वास येऊ लागला, संडासातले पाणी गुडगुड आवाज करू लागले आणि दोष मात्र मी गवंड्याला देत राहिलो. कारण साधे होते. टँकमध्ये मळ कुजतो तेव्हा मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू सतत तयार होतात. त्यांना उंच, मोकळ्या हवेत नेऊन सोडणे एवढ्यासाठीच तो पाइप असतो. वाट बंद झाली की ते संडासाच्या भांड्यातील पाणी ढकलून घरात शिरू पाहतात. पाइपाने श्वास घेतला पाहिजे, आणि डास मात्र आत-बाहेर जाता कामा नये. म्हणूनच तेथे झाकण न बसविता जाळीची टोपी बसवावयाची.

ही काही नवी युक्ती नव्हे. सेप्टिक टँकविषयीच्या २४७० क्रमांकाच्या भारतीय मानकातच सांगितले आहे की प्रत्येक टँकला निदान ५० मिलिमीटर व्यासाचा वायुपाइप असावा आणि त्याच्या तोंडाला डासांना अटकाव करील असा जाळीचा पिंजरा असावा. टँक जवळच्या इमारतीपासून १५ मीटर दूर असेल तर पाइपाची उंची सुमारे दोन मीटर पुरते. त्याहून जवळ असेल तर पाइप इमारतीच्या माथ्यापेक्षा दोन मीटर वर न्यावा. आपल्याकडे बहुतेक घरांचा टँक भिंतीपासून हाकेच्या अंतरावरही नसतो, आणि पाइप संपतो तो नेमका खिडकीच्या माथ्याशी! वासाची तक्रार करण्यापूर्वी हे एकदा पाहावे.

जाळीचा उपयोग किती होतो ह्याचे एक जुने उदाहरण झिंबाब्वेचे आहे. तो देश ऱ्होडेशिया म्हणविला जात असता, १९७० च्या दशकात, पीटर मॉर्गन ह्या शास्त्रज्ञाने खड्ड्याच्या संडासाला जाळी लावलेला उंच पाइप जोडला. वारा पाइपाच्या तोंडावरून वाहू लागला की आतली हवा वर ओढली जाते, त्यामुळे वास गेला. खड्ड्यातल्या माश्या वरच्या उजेडाकडे धावत, जाळीला अडकत आणि तेथेच मरत. पाइप नसलेल्या संडासातून जेथे हजारोंनी माश्या बाहेर पडत, तेथे पाइप आणि जाळी असलेल्यातून शे-दीडशेच पडल्या. ह्या मॉर्गनना पुढे २०१३ साली स्टॉकहोमचे पाण्याच्या कार्याचे पारितोषिक मिळाले. त्या संडासात एक उणीव मात्र राहिली होती. डासांना उजेडाची ओढ माश्यांइतकी नसते, त्यामुळे बरेच डास बसण्याच्या उघड्या भोकातूनच निसटत. आपल्या पाण्याच्या संडासात ती वाट नसते, कारण भांड्याच्या वाकात नेहमी पाणी उभे असते. म्हणजे आपल्याकडे पाइप आणि टँकच्या झाकणाच्या फटी एवढ्याच वाटा उरतात, आणि दोन्ही बंद करणे आपल्या हातात आहे.

आता टोपीविषयी. हार्डवेअरच्या दुकानात पाइपावर बसविण्याची प्लॅस्टिकची टोपी मिळते. तिला सभोवार उभ्या चिरा असतात. ती पाऊस, पालापाचोळा, कावळ्याची काटकी अडविते, पण त्या चिरांतून डास आरामात जातात. अशी टोपी असणाऱ्यांनी आपले काम झाले असे मानू नये, तिच्या आतून जाळी लावून घ्यावी. जाळीचे भोक दीड मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे. खिडकीला लावतात ती बारीक डासजाळी चालते. साधी लोखंडी जाळी घेऊ नये. खालून येणारा वायू आणि आपली दमट, हरमल-मोरजीकडे तर खारी हवा, ह्यांपुढे ती फार टिकत नाही. स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियमची जाळी उत्तम. नायलॉनची जाळी स्वस्त आणि बांधायला सोपी, पण उन्हाने ती ठिसूळ होते, म्हणून दरवर्षी हात लावून पाहावी. जुन्या साडीचा तुकडा बांधण्याची पद्धत आहे, तो चार दिवसांचा उपाय समजावा. पावसात कापड भिजून तोंड बंद होते आणि करवंटीचीच गत होते.

जाळी तोंडावर ताणून बसवू नका. बारीक जाळीतून हवा कमी जाते. म्हणून जाळीची वीतभर उंच पिशवी किंवा नळी करून ती पाइपावर चढवावी आणि खाली स्टीलच्या क्लिपने किंवा नायलॉनच्या दोरीने घट्ट आवळावी. क्षेत्र वाढले की श्वास मोकळा राहतो. वर पावसासाठी लहान छत्री ठेवावयाची तर जाळी आणि छत्री ह्यांत चार बोटे अंतर सोडा. कौलांवर चढावयाचे तर कौले कोरडी असताना, मे महिन्यातच, आणि खाली एक माणूस शिडी धरून.

एक इशारा. पाइपातून हवा येते की नाही हे पाहण्यासाठी तोंडाशी काडी, उदबत्ती किंवा मेणबत्ती कदापि नेऊ नका. तो वायू पेट घेतो. सुताचा धागा धरला तरी हवा कळते. आणि टँकचे झाकण उघडून आत डोकावणे, उतरणे हे तर कोणत्याही कारणाने करू नका, मजुराला करावयास लावू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध होतो आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही तेथेच राहतो. माणसाला असे उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. टँक उपसावयाचा तर टँकर बोलवावा.

झाकणाच्या कडा मात्र बाहेरून सिमेंटच्या चुन्याने बुजवा. मधल्या तपासणीच्या चौकोनी खड्ड्याचे झाकणही विसरू नका. आणखी एक गोष्ट शेतकरी वाचकांसाठी. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत फटी असतात, त्यांतून पाणी वेगाने वाहते. म्हणून शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा, आणि विहीर उताराच्या खालच्या बाजूस असेल तर त्याहूनही दूर. शोषखड्ड्याच्या वर जागा ओली राहात असेल तर तेथे केळ लावावी, कुळागराला पाणी वाचते. पण पाणी उघडे साचू देऊ नये, कारण साचलेल्या घाण पाण्यात पुन्हा तेच क्युलेक्स. डास मारण्यासाठी टँकमध्ये रॉकेल किंवा फिनेल ओतण्याची काहींना सवय असते. त्याने मळ कुजविणारे जंतू मरतात आणि टँक लवकर भरतो.

एका घराने जाळी बसवून वाडा मोकळा होत नाही, कारण क्युलेक्स सहज किलोमीटरभर उडतो. तुमच्या पाइपाला टोपी आणि शेजाऱ्याचा पाइप उघडा, तर शेजाऱ्याचे डास तुमच्या अंगणात येणारच. डिचोलीकडे काय आणि पेडण्याकडे काय, अलीकडे नव्या इमारतींची, पाहुण्यांच्या खोल्यांची गर्दी वाढली आहे. मोप्याला २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून पेडण्यात तर अधिकच. भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या एका इमारतीवर मी एकदा आठ पाइप मोजले आणि एकालाही जाळी नव्हती. बांधकाम चालू असतानाच मिस्त्रीला सांगितले तर काम चुटकीसरशी होते, पुढे मात्र शिडी शोधावी लागते. वाड्यातल्या चार तरुणांनी एका रविवारी मासनंतर शिडी आणि जाळीची गुंडाळी घेऊन फिरले तर दुपारपर्यंत वाडा पुरा होतो. विधवा बायांच्या, एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांपासून सुरुवात करावी, त्यांना शिडीवर चढविणारे कोणी नसते.

टोपी बसविल्यावर लगेच फरक दिसला नाही तर निराश होऊ नका. बाहेर आधीच उडत असलेले डास काही दिवस जगतातच. पावसाळा संपल्यावर, नाताळाच्या आधी, एकदा जाळी काढून झटका. कोळ्याची जाळी, धूळ निघेल, आणि आतल्या बाजूला चिकटून सुकलेले डासही दिसतील.