काकीची गाठ पडद्यावर

अंजनवेलहून पहाटेच्या एसटीने निघून आम्ही चिपळूणला पोचलो आहोत. सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर काकी गळ्याभोवती पदर लपेटून बसली आहे. उकाड्याने जीव नकोसा झालाय, पण पदर सुटत नाही. गावात लग्न असो, देऊळ असो, गेले काही महिने तिचा पदर असाच असतो. शेवटी सुनेच्याच ध्यानात आलं: पाणी पिताना काकीच्या गळ्यात उजवीकडे सुपारीएवढा फुगवटा वरखाली होतो.

समोर पाटी आहे, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. काकी ती वाचते आणि कुजबुजते, "अरे, हे तर गरोदर बायकांचं मशीन ना?"

यंत्र तेच. गर्भलिंग निदानावर बंदी घालणाऱ्या 1994च्या कायद्याने त्याची आणि जागेची नोंदणी सक्तीची आहे, ते उचलून वाटेल तिथे नेता येत नाही. त्यामुळे यंत्र गावात येत नाही, गावाला यंत्राकडे यावं लागतं.

आत काकीच्या खांद्याखाली उशी सरकवतात, मान मागे झुकते. गळ्यावर थंडगार जेल पडतं तशी ती दचकते.

"दुखणार नाही, काकी. बोलू नका फक्त. मी सांगेन तेव्हा आवंढा गिळा," डॉक्टरीणबाई म्हणतात.

पोटासाठीचा गोल प्रोब त्या बाजूला ठेवतात आणि सपाट तोंडाचा घेतात. याच्या ध्वनिलहरींची कंपनसंख्या जास्त, 7 ते 15 मेगाहर्ट्झ. त्या खोल जात नाहीत, पण जवळचं बारीक दाखवतात. थायरॉइड ग्रंथी गळ्यात कातडीखाली लगेचच असते, म्हणून हाच लागतो. क्ष-किरणांचा यात संबंध नाही.

पडद्यावर मधोमध श्वासनलिकेची पांढरी कमान आहे. तिच्या दोन्ही अंगांना थायरॉइडचे दोन भाग, एकसारखे राखाडी. कडेला दोन काळी वर्तुळं ठोके देतायत, त्या मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या. प्रोब उजवीकडे सरकतो आणि गाठ दिसते. बारीक काळ्या रेघेने वेढलेली, लांबट.

"गिळा."

गाठ ग्रंथीबरोबर वर उचलली जाते, खाली येते. बाई दोन टोकांना खुणा लावून मोजतात. रुंदी 18 मिलिमीटर, उंची 11. मग एकेक गोष्ट पाहत गुण देत जातात. भरीव आहे, 2. भोवतालच्या ग्रंथीइतकीच उजळ, 1. रुंदीपेक्षा उंची जास्त असती तर 3, पण ही आडवी आहे. कडा नीट आहेत. आत चुन्याचे बारीक चमकते ठिपके असते तर आणखी 3, ते नाहीत. बेरीज 3. गुणांची ही रीत अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने 2017 साली मांडली, तिचं नाव टाय-रॅड्स. 3 गुणांच्या गाठीला पेशी तपासण्यासाठी सुई घालायची ती अडीच सेंटीमीटर झाल्यावर. 7 किंवा अधिक गुण असतील तर एका सेंटीमीटरलाच.

मानेतल्या लसिकाग्रंथीही पाहून होतात. सगळं ठीक आहे.

काकी गळा पुसत उठते. "डॉक्टर, आम्ही खाडीकाठची माणसं, रोज मासळी खातो. मीठही आयोडीनचंच. मग मला कशी झाली?"

"आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतो, खरं आहे. पण अशा गाठी आयोडीन पुरेसं असूनही होतात. बायकांत जास्त, वय वाढेल तशा जास्त."

"कॅन्सर नाही ना?"

"शंभरातल्या नव्वदहून अधिक गाठी साध्या असतात, आणि तुमच्या गाठीत काळजीचं लक्षण दिसत नाही. आज सुई नको. रक्तातलं टीएसएच हे संप्रेरक तपासा आणि वर्षाने पुन्हा या. वाढली तर पुढचं बघू."

काकी दोन्ही हात जोडते. इतके महिने ती कॅन्सर धरूनच बसली होती.

पण धास्ती गेली म्हणून सरसकट साऱ्यांचे गळे तपासत सुटणंही बरं नाही. दक्षिण कोरियाने तो अनुभव घेतला आहे. 1993 ते 2011 या काळात तिथे थायरॉइडच्या कॅन्सरची निदानं सुमारे पंधरापट वाढली, मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तेवढंच राहिलं. ज्यांनी कधी त्रास दिला नसता असे बारीक कॅन्सर यंत्राने शोधले, हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मागे जन्मभराची गोळी लागली.

तेव्हा तपासणीच्या पॅकेजात आहे म्हणून गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ नका. पण गळ्यात गाठ दिसली, हाताला लागली, आवाज बसून राहिला किंवा गिळताना अडकू लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. गाठ साधी असेल तर मनावरचा भार उतरेल, आणि नसेल तर थायरॉइडचे बहुतेक कॅन्सर वेळेवर उपचार केल्यास बरे होतात.