खरेदीखत, कीं गहाणखत?

विक्री म्हणजे काय, हें व्यापारी वर्गास शिकविण्याची गरज नाहीं. माल, किंमत आणि उभयपक्षांची राजीखुशी या तीन गोष्टी जुळल्या कीं सौदा पुरा झाला, असें पेठेंतील लहान मूलही सांगेल. परंतु या तिन्ही गोष्टी कागदावर यथास्थित लिहिलेल्या असाव्यात आणि प्रत्यक्षांत एकही खरी नसावी, असा प्रकार दख्खनच्या जिल्ह्यांतील शेतजमिनीच्या बाबतींत इंग्रजी अमलांत कित्येक वर्षें चालला. नांव खरेदीचें, व्यवहार कर्जाचा आणि शेवट बेदखलीचा! तो प्रकार अद्यापि समूळ नाहींसा झालेला नाहीं, म्हणूनच त्याचा इतिहास आज आमच्या वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

जमीन विकण्याचा हक्क इंग्रजांनीं आणला, असें म्हणणें बरोबर नव्हे. पेशवाईंतही मिरासदारास आपली मिरास विकतां येत असे. मात्र ती विक्री गांवच्या साक्षीनें व्हावयाची, आणि वडिलार्जित मिरास विकणें हें कुटुंबाच्या इभ्रतीस कमीपणाचें समजलें जाई. 1835-36 सालीं इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांची पाहणी सुरू झाली. त्या पाहणीनें प्रत्येक नंबराचा सारा तीस वर्षांकरितां ठरविला, आणि सारा भरणाऱ्या खातेदारास जमीन विकण्याची व गहाण टाकण्याची मोकळीक दिली. हक्क चांगला होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जी वस्तु विकतां येते तीवर कर्जही मिळतें. पूर्वी सावकार पीक आणि माणूस पाहून पैसा देई. आतां तो सातबारा नसलेल्या त्या काळींही जमिनीचा नंबर पाहून देऊं लागला.

पुढें 1859 सालीं दोन कायदे झाले. मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्याची फिर्याद तीन वर्षांत करणें भाग पडलें. म्हणून सावकार दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत घालून नवा रोखा लिहून घेऊं लागला. दिवाणी कामकाजाच्या कायद्यानें हुकूमनाम्याची बजावणी सोपी केली. कुळ कोर्टांत हजर न राहिल्यास दावा एकतर्फी चाले आणि जमिनीचा लिलाव होई. इतक्यांत अमेरिकेंतील यादवीमुळें 1861 ते 1865 पर्यंत कापसाचा भाव चढला, कर्ज मुबलक मिळालें. यादवी संपतांच भाव कोसळला, आणि त्याच सुमारास पाहणीची मुदत संपून साऱ्याचे दर वाढले. याचा परिणाम 12 मे 1875 रोजीं भीमथडी तालुक्यांत सुपें येथें दिसला. पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या दंग्यांत लोकांनीं मुख्यतः मागितले ते सावकाराकडील कागद, आणि हातीं लागले ते जाळले. रयतेचा राग माणसापेक्षां कागदावर अधिक होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

सरकारनें चौकशी नेमली, आणि 1879 सालीं दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. कोर्टानें कर्जाचा हिशेब मुळापासून तपासावा, कर्जाकरितां शेतकऱ्यास कैद करूं नये, आणि जी जमीन त्या कर्जास खास गहाण लिहून दिलेली नाहीं तिचा लिलाव करूं नये, अशी त्यांत तजवीज होती. हेतु उत्तम, पण सावकार कायद्याहून एक पाऊल पुढें असतो. साध्या रोख्यावर जमीन मिळत नाहीं असें दिसतांच त्यानें साधा रोखा घेणेंच सोडलें. गहाण लिहून दे, नाहीं तर थेट खरेदीखतच करून दे, असें तो म्हणूं लागला. लिलावाचा हातोडा काढून घेतला, तेव्हां त्याच्या जागीं कुळाचा आंगठा आला!

या खरेदीची रीत पाहा. समजा, एका कुळास बैलाकरितां दोनशें रुपये पाहिजेत आणि त्याची जमीन सहज पांचशें रुपयांची आहे. सावकार दोनशें देतो आणि कायम खरेदीखत लिहून घेतो. पैसे फेडलेस म्हणजे जमीन परत करीन, असें तोंडानें सांगतो. जमीन कुळाच्याच वहिवाटीस राहते. पण त्याच दिवशीं कुळाकडून कबुलायत घेतली जाते, आणि दोनशें रुपयांचें व्याज खंडाच्या नांवानें वसूल होऊं लागतें. दोन वर्षें पाऊस नीट पडला तर कोणास कांहींच कळत नाहीं. तिसऱ्या वर्षीं पीक बुडालें कीं खंड थकतो, आणि सावकार कर्जाची नव्हे, तर भाडेकऱ्यास काढून लावण्याची फिर्याद करतो. कोर्टापुढें कागद दोनच : एक विक्रीचा, एक खंडाचा. दोन्हींवर आंगठा कुळाचाच.

ही लबाडी सरकारच्या लक्षांत आली नाहीं असें नाहीं. वरील कायद्यांतच पुढें कलम 10अ घालून, खरेदीखत हें वस्तुतः गहाण होतें कीं काय हें तोंडी पुराव्यावरूनही पाहण्याचा अधिकार कोर्टास देण्यांत आला. उलट, 1929 सालीं मालमत्ता हस्तांतरणाच्या सर्वसाधारण कायद्यांत अशी दुरुस्ती झाली कीं, परत देण्याची अट खुद्द त्या विक्रीच्या दस्तांतच नसेल तर तो व्यवहार शर्तीच्या विक्रीचें गहाण मानूं नये. आज 10अ कलम कायद्यासह गेलें, दुरुस्ती मात्र कायम आहे. म्हणजे वेगळ्या चिठ्ठीवर किंवा देवळांत शपथेवर दिलेलें वचन आज पूर्वीहूनही दुबळें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, विक्रीचा हक्कच काढून घ्या म्हणजे झालें. 1901 सालीं मुंबई सरकारनें खालसा झालेली जमीन परत देतांना ती विकण्याची मनाई असावी असें विधेयक आणलें, तेव्हां फिरोजशहा मेहता, गोखले प्रभृति सभासद कौन्सिलांतून उठून गेले. त्यांची तक्रार निराधार नव्हती. ज्यास दुसरें कर्ज मिळण्याची सोयच नाहीं त्याची पत काढून घेतल्यास तो अधिकच वाईट सावकाराच्या दारीं जातो. आमच्या मतें खरा दोष विकण्याच्या मोकळिकेंत नाहीं, आणि केवळ बंदी हा त्यावर उपायही नाहीं. स्वस्त कर्ज नसतांना दिलेली मोकळीक ही अडलेल्याची मोकळीक होय. 1904 सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तो याच जाणिवेनें. विकण्याच्या हक्कामागोमाग तो यावयास सत्तर वर्षें लागावीं, हीच खेदाची गोष्ट.

महाराष्ट्र राज्यानें 2014 सालीं सावकारीचा नवा कायदा करून, सावकारीच्या ओघांत खरेदीच्या नांवाखालीं बळकावलेली जमीन चौकशीअंतीं परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकास दिला. सुपें येथें कागद जळाल्यास जवळजवळ दीडशें वर्षें होत आलीं असतां असें कलम लिहावें लागावें, यापेक्षां दुसरा पुरावा कशास हवा?

सबब शहरांतील ज्या गृहस्थांजवळ शिल्लक पैसा आहे, त्यांस आमचें स्पष्ट सांगणें आहे. उसने द्यावयाचे असतील तर कर्ज म्हणून द्या व कर्ज म्हणूनच लिहा. तारण घ्यावयाचें असेल तर गहाणखत करा, आणि सोडवून नेण्याची अट त्याच दस्तांत घाला. खरोखर जमीन घ्यावयाची असेल व कायद्यानें घेतां येत असेल, तर शेजारच्या नंबराचा भाव विचारून पुरी किंमत द्या, आणि घरच्या बायकामाणसांदेखत दस्त वाचून दाखवा. बाजारभावाच्या निमपट किंमतीचें खरेदीखत समोर आलें, तर हा विकतो आहे कीं अडला आहे, एवढा एक प्रश्न स्वतःस विचारा. दुय्यम निबंधकाचा शिक्का दस्त नोंदला गेल्याची साक्ष देतो. सौदा न्यायाचा होता याची साक्ष तो देत नाहीं. ती घेणाराच्या सचोटीनेंच द्यावयाची असते, आणि ज्या पेठेची पत शब्दावर चालते तिला हें अवघड वाटूं नये.