घोटाचा चालता-बोलता एक्स-रे

गारखेड्यात डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९पासून आहे. त्यामुळे एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय हे शब्द इथे घरोघरी ओळखीचे. पण घास गिळतानाचा हलता एक्स-रेही काढतात, हे ठाऊक आहे? त्याचं नाव व्हिडिओफ्लूरोस्कोपी, म्हणजेच मॉडिफाइड बेरियम स्वॅलो.

मान हंसाचा! रोंटगेनने एक्स-किरण शोधले नोव्हेंबर १८९५मध्ये. पुढच्याच वर्षी हार्वर्डचा वैद्यकीय विद्यार्थी वॉल्टर कॅननने हंसाला एक्स-रेत उठून दिसणारं बिस्मथ भरवलं आणि त्याच्या लांबलचक मानेतून उतरणारा घास पडद्यावर पाहिला.

सेकंदाचा खेळ. घास घशात पोचला की श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिका बंद होते, अन्ननलिका उघडते. सगळं जेमतेम सेकंदात! म्हणून सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत चित्रण करतात आणि नंतर एकेक फ्रेम थांबवून बघतात.

तपासणीतला खाऊ. रुग्ण ताठ बसतो, यंत्र बाजूने बघतं. एक्स-रेत उठून दिसणारं चमचाभर पातळ बेरियम, मग घट्ट, मग बेरियम लावलेलं बिस्कीट. चव खडूसारखी! बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही, अंगात शोषलं जात नाही. शौचावाटे निघून जातं.

पाणीच अवघड! लकव्यानंतर गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होत असेल, तर पातळ पाणी तेवढ्यात श्वासनलिकेत शिरतं. घट्ट पेज सावकाश सरकते. म्हणून कधी कधी आजोबांना मऊ भात उतरतो आणि पाण्याने ठसका लागतो.

ठसका नाही, तरी धोका. काहींचा घास श्वासनलिकेत गेला तरी खोकला येत नाही. पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. पडद्यावर मात्र चुकीच्या वाटेने निघालेली बेरियमची काळी रेघ चटकन दिसते.

उपाय तिथल्या तिथे. हनुवटी छातीकडे झुकवून किंवा मान वळवून पुन्हा घोट घ्यायला सांगतात. फायदा झाला की नाही, ते लगेच कळतं. ही तपासणी रुजवणाऱ्या अमेरिकेच्या जेरी लोगमन यांचं गिळण्याच्या विकारांवरचं पुस्तक १९८३चं. त्याच वर्षी मुंबईत श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथे घडणारे स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर गिळण्याचेही उपचार शिकतात.

लकवा, पार्किन्सन किंवा घशाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर घरात कुणाला जेवताना ठसका लागतो? घोट घेतल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतो? 'वयामुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना थेट विचारा: फ्लूरोस्कोपीचं यंत्र आणि गिळण्याच्या उपचारांतला स्पीच थेरपिस्ट, दोन्ही एकत्र कुठे मिळतील?